तक्त्यावरची सातवी चूक

नाशिकला इंदिरानगरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रेणुका बेलसरे यांचा वर्ग होता. वर्ग म्हणजे एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतीवर चौदा चुकांचा तक्ता. तक्ता त्यांनी स्वतः निळ्या शाईने लिहिला होता. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी बायोडेटा लिहिताना माणसं जेवढ्या म्हणून चुका करतात तेवढ्या सगळ्या या चौदांत बसतात, असं त्या म्हणत. पंधरावी शोधून आणणाऱ्याला त्यांनी मिसळ कबूल केली होती. सहा वर्षांत ती मिसळ कुणालाही मिळाली नव्हती.

त्या दिवशी सिन्नरचा एक मुलगा समोर बसला होता. आपल्याला तेवीस संगणकभाषा येतात असं त्याने लिहिलं होतं. रेणुकाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "यांतल्या कोणत्या भाषेने तुला रडवलंय?"

मुलगा गोंधळला. मग म्हणाला, "एकीनेच. तीन आठवडे चूक सापडत नव्हती."

"मग ती एक लिही. ते तीन आठवडेही लिही. बाकीच्या बावीसजणींना तू फक्त कुणाच्या तरी लग्नात पाहिलंयस."

टेबलाच्या टोकाला बसलेली तहसीन खुदकन हसली. तहसीन पिंजारी मालेगावची. वडील गाद्या भरून देत. तिने आपल्या गावच्या डायलिसिस केंद्रासाठी संगणकाचा एक कार्यक्रम लिहिला होता. कुठलं यंत्र कधी मोकळं होईल आणि कुठल्या रोग्याला किती वाजता बोलवायचं, हे तो सांगायचा. आधी माणसं चार-चार तास बाकड्यावर ताटकळायची, आता वीस मिनिटं. हे सगळं तिने पहिल्यांदा बायोडेटात लिहिलं होतं ते असं: 'रुग्णालय प्रकल्पात काम केले.' रेणुकाबाईंनी त्या चार शब्दांवर तिच्याकडून चार महिने मेहनत करून घेतली होती. चौदा वर्षं मूल नसलेल्या बाईला एकदम विशीतली लेक मिळावी, तशी ती त्यांना मिळाली होती.

एवढी मेहनत कशासाठी, हे कळायला त्या काळी नोकऱ्या कशा मिळत ते समजून घ्यायला हवं.

पूर्वी बायोडेटा माणसं वाचत. अर्ज हजारोंनी येऊ लागले तेव्हा यंत्रं वाचू लागली. पण ती नुसती शब्द शोधत, आणि शब्द कुणीही भरू शकतं. मग सावली आली. सावली बायोडेटा वाचत नाही, त्याला कामाला लावते. जुन्या प्राण्याचा एक दात सापडला की त्यावरून शास्त्रज्ञ अख्खा प्राणी उभा करतात. त्यांनी हजारो सांगाडे पाहिलेले असतात, म्हणून अशा दाताचा जबडा कसा असतो आणि अशा जबड्याचा प्राणी काय खातो हे त्यांना ठाऊक असतं. सावलीचं यंत्र तेच करतं. त्याने कोट्यवधी नोकरदारांचे बायोडेटे, अनुभवपत्रं आणि ती माणसं प्रत्यक्षात कशी वागली याच्या नोंदी पाहिलेल्या असतात. तुम्ही दोन पानं दिलीत की त्या दोन पानांवरून ते संगणकात एक काम करणारा माणूस उभा करतं. तो तुम्ही नव्हे. तुम्ही लिहिलेला तो माणूस. त्याला आणखी तिघांच्या सावल्यांबरोबर एका बंद खोलीत तीन दिवस काम देतात, आणि त्याचं काम पसंत पडलं तरच तुम्हांला बोलावणं येतं. खोलीसुद्धा संगणकातलीच, आणि ते तीन दिवस आपल्या घड्याळाने अकरा मिनिटांत संपतात.

त्यामुळे बायोडेटातली चूक ही आता नुसती चूक राहिली नव्हती, ती चालूबोलू लागली होती. 'या कामाला मी जबाबदार होतो' असं लिहिणाऱ्याची सावली जबाबदारी मांडीवर घेऊन तीन दिवस बसून राही. 'वेग चाळीस टक्क्यांनी वाढवला' असं लिहून कशाचा वेग ते न सांगणाऱ्याची सावली दिसेल त्याचा वेग वाढवत सुटे. एका वर्षी एकाच कॉलेजच्या साठ मुलांनी वरच्या वर्गाकडून आलेला वाचनालयाचा प्रकल्प जसाच्या तसा लिहिला, आणि त्यांच्या साठ सावल्या तीन दिवस त्याच वाचनालयातली तीच पुस्तकं मोजत बसल्या.

तक्त्यावरची सातवी चूक होती: 'आपल्या हाताखाली झालेलं काम आपल्या हाताने झालं असं लिहिणं.' ती लिहिताना शाई जरा जास्त दाबली गेली होती.

त्याचं कारण जुनं होतं. अठरा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीत रेणुकाबाईंनी अकरा महिने खपून रक्तपेढ्या जोडणारी प्रणाली लिहिली होती. राज्यात कुठेही रक्त लागलं की त्या गटाची पिशवी जवळात जवळ कुठे आहे आणि कोणत्या रस्त्याने लवकर पोचेल, हे ती सांगे. ज्या दिवशी ती मंत्रालयात दाखवायची होती त्या दिवशी त्यांचे साहेब उपेंद्र खासनीस एकटेच गेले. पहिल्या पानावर एकच नाव होतं. खासनीसांचं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये रेणुकाबाईंनी विचारलं, तेव्हा खासनीस मान कलती करून प्रेमाने म्हणाले होते, "हे तू केलंस हे मला ठाऊक आहे. तेवढं पुरे नाही का?"

तेवढं पुरलं नाही. सहा महिन्यांनी माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा रेणुकाबाईंचं नाव यादीत होतं. जाताना मिळालेल्या अनुभवपत्रावर खासनीसांच्या सहीने लिहिलेलं होतं की रक्तपेढी प्रणालीत यांचा सहभाग होता. पुढे सावल्या आल्या, आणि सावलीला अनुभवपत्र जोडावंच लागतं. रेणुकाबाईंनी आपल्या सावलीचे तीन दिवस पडद्यावर पाहिले होते. एक बरी बाई. बाकी तिघं काम करत होते आणि ही सगळ्यांच्या बोलण्याला मान डोलावत होती. सहभाग घेत होती. तेरा कंपन्यांनी नकार दिल्यावर त्यांनी अर्ज करणं सोडलं आणि तक्ता लिहायला घेतला.

उपेंद्र खासनीस एका मंगळवारी दुपारी जिना चढून वर आले.

ते छप्पन वर्षांचे झाले होते. कंपनी बंद पडली होती. हातात सहा पानी बायोडेटा; वर फोटो, वडिलांचं संपूर्ण नाव, शेवटी छंद: वाचन, गिर्यारोहण. "मॅडम, तुमचं फार नाव ऐकलंय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांनी ओळखलं नव्हतं. रेणुकाबाईंचे केस पिकले होते, लग्नानंतरचं आडनाव वेगळं होतं, हे खरं. पण त्या त्यांच्यासमोर दोन वर्षं बसल्या होत्या, चार हातांवर. माणसाने आपलं सर्वस्व न्यावं आणि चेहराही लक्षात ठेवू नये, याचा त्यांना जो राग आला तो अठरा वर्षांच्या रागाहून मोठा होता.

पण त्या शिकवण्याच्या आवाजातच बोलल्या. पानं उलटता उलटता बोट एका ओळीवर ठेवलं. 'राज्यव्यापी रक्तपेढी-जोडणी प्रणाली: संकल्पना, रचना व निर्मिती.'

"हे तुम्ही केलंत?"

"माझं बाळच आहे म्हणा ना ते," खासनीस म्हणाले.

रेणुकाबाईंनी त्यांना पाणी दिलं. पुण्याच्या ज्या कंपनीत ते अर्ज करणार होते तिचं नाव विचारून घेतलं. आरोग्याची सॉफ्टवेअरं करणारी मोठी कंपनी होती, आणि जागा एकच होती.

पुढचे चार दिवस त्यांनी तो बायोडेटा जीव ओतून सुधारला. फोटो काढला, वडील काढले, गिर्यारोहण काढलं. सहाची दोन पानं केली. तेरा चुका निपटल्या. सातवीला हात लावला नाही. उलट तिला दागिने घातले. तीनशे बारा रक्तपेढ्या, अकरा महिने, पिशवी पोचायचा वेळ चाळीस मिनिटांवरून सतरा. खासनीसांना हे आकडे आठवत नव्हते. "तुम्हांला कुठे मिळाले?" त्यांनी विचारलं, तेव्हा कुठेतरी छापून आले होते असं रेणुकाबाईंनी सांगितलं.

त्यांचा हिशेब सरळ होता. दावा एवढा मोठा आणि तो कसा पुरा केला याचा एक शब्द नाही. अशा दाव्यातून उभी राहणारी सावली आतून पोकळ असणार. तिला काम दिलं की ती तीन दिवस भिंतीला टेकून उभी राहील आणि परीक्षकासमोर तिचं पितळ उघडं पडेल. खासनीसांना पुढे कुणी दारात उभं करणार नाही. आणि आपण खोटं असं काही लिहिलंच नाही. त्यांचंच त्यांना नीटनेटकं करून दिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या आठवड्यात रेणुकाबाईंना शांत झोप लागली. सुडाची गोडी उसासारखी असते, चघळताना हिरडी कापली गेलेली कळत नाही.

हिरडी कापली गेली ती त्या एका जागेपायी. तहसीननेही तिथेच अर्ज केला होता, आणि रेणुकाबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनीच तो पाठवायला सांगितला होता. पाचशे अर्जांत चारचारांचे गट. कोण कुणाच्या वाट्याला येणार, असं त्या धरून चालल्या. मात्र वर्गात त्याच दर आठवड्याला शिकवत असत की यंत्र सारख्या कामाची माणसं एका गटात घालतं. इकडे रोग्याला वेळेवर यंत्र, तिकडे रोग्याला वेळेवर रक्त. सिन्नरच्या मुलालाही हे सुचलं असतं. त्यांना सुचलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी खासनीसांकडून चिवड्याचा पुडा आणि चिठ्ठी आली. 'मॅडम, तुमच्या हाताला यश आहे.' निवड त्यांची झाली होती. तहसीन दुसरी आली होती.

संध्याकाळी तहसीन आपल्या सावलीची रोजनिशी घेऊन आली. उमेदवाराला स्वतःच्या सावलीचे तीन दिवस पाहायचा हक्क असतो. बाकीच्यांची नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. तहसीन रडत नव्हती. "बाई, माझं कुठे चुकलं ते दाखवा," एवढंच म्हणाली. आपली वही तपासायला द्यावी, तशी तिने रोजनिशी पुढे केली.

दोघी पाहत बसल्या. चौथ्या क्रमांकाची सावली तहसीनची. नाशिक विभागातल्या सगळ्या दवाखान्यांना प्राणवायूची नळकांडी वेळेवर पोचवायची योजना गटाला करायची होती, आणि चार नंबर पहिल्या तासापासून खाली मान घालून काम करत होती. पेन्सिल कानावर खोचायची तहसीनची सवय कुठे लिहिलेली नव्हती, तरी सावलीची मान तशीच कलत होती. दोन नंबर तीनशे बारा रक्तपेढ्यांचा अनुभव सांगत गटात आला. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना एकत्र बसवून ओळखी करून दिल्या. दुसऱ्या दिवशी तो प्रत्येकाच्या शेजारी जाऊन बसला आणि काय केलंस, कसं केलंस, मला लहान मुलाला सांगतात तसं सांग, म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने सगळी योजना परीक्षकापुढे मांडली. सुंदर मांडली. पहिल्या पानावर एक नाव होतं.

चार नंबरने त्याला गाठलं. आवाज तहसीनचा नव्हता, पण प्रश्न तिचाच होता. दोन नंबरने मान कलती केली.

"हे तू केलंस हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तेवढं पुरे नाही का?"

रेणुकाबाईंनी पडदा थांबवला. खाली दवाखान्यात दात कोरायचं यंत्र सुरू झालं होतं.

हे वाक्य खासनीसांच्या बायोडेटात नव्हतं. ते लिफ्टमध्ये बोललं गेलं होतं, आणि लिफ्टमध्ये दोघंच होती. मग यंत्राला ते कुठून सापडलं? थोड्या वेळाने त्यांना समजलं. यंत्राने कोट्यवधी माणसं पाहिली होती. असा दावा लिहिणारी माणसं काय करतात आणि करून झाल्यावर काय बोलतात, हे त्याला पाठ होतं. ती सगळी हेच बोलत. जे दुःख त्यांनी अठरा वर्षं आपलं म्हणून जपलं होतं ते कुठल्याही कचेरीत, कुठल्याही मजल्यावर मिळत होतं.

आणि परीक्षक? तोही यंत्रच. चांगलं काम म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत कचेऱ्यांनी कुणाला बढती दिली याच्या याद्या त्याला दिल्या होत्या, आणि यांच्यासारखे शोध, असं सांगितलं होतं. त्याने शोधले.

"तुझं कुठेही चुकलेलं नाही," रेणुकाबाई म्हणाल्या. त्यांना तिथेच थांबता आलं असतं. पण पोरगी वही पुढे करून बसली होती, आणि तपासताना खोटा शेरा द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. लिफ्ट, अनुभवपत्र, तो मंगळवार, आणि दागिने घातलेली सातवी चूक.

तहसीनने ऐकून घेतलं. मग उठून तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, पंधरावी चूक मला सापडली," ती म्हणाली. "दुसऱ्याची चूक दिसत असताना ती मुद्दाम तशीच ठेवणं. मिसळ नको मला."

जिन्यावरची तिची पावलं बराच वेळ ऐकू आली. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती, आणि त्यानंतरही.

तक्रार करून उपयोग नव्हता. कायद्याने सावली म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा तिच्यावर चोरीचा आळ घेता येत नाही. सावलीने केलेलं काम नाकारायचा अधिकार एकट्या तिच्या मालकाला, म्हणजे ज्याची ती सावली त्या उमेदवाराला. रेणुकाबाई वर्ग घेत राहिल्या, आणि मनात दिवस मोजत राहिल्या. कारण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, जी निवड झालेले लोक पेढे वाटायच्या गडबडीत वाचत नाहीत. नेमणूक सावलीबरहुकूम असते. पहिल्या नव्वद दिवसांत माणसाने आपल्या सावलीएवढं काम करून दाखवायचं. नाही जमलं तर नावापुढे 'सावलीभंग' असा शिक्का बसतो, आणि मग पाच वर्षं कुठेही अर्ज करता येत नाही.

खासनीस सत्तराव्या दिवशी आले. डोळ्यांखाली काळं झालं होतं. या वेळी चिवडा नव्हता.

तिथे चोरायला काही नाही, असं ते म्हणाले नाहीत, पण सांगितलं त्याचा अर्थ तोच होता. नव्या कचेरीत प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली याची आपोआप नोंद होते आणि ती पुसता येत नाही. लोक हुशार आहेत, पण आपलं काम समजावून सांगत नाहीत. नोंदीत आहे, वाचा म्हणतात. बैठका भरतच नाहीत. "माझ्या सावलीला जमलं ते मला जमत नाही, मॅडम," ते म्हणाले. बायोडेटात दुरुस्ती करता येते असं त्यांनी ऐकलं होतं. एका नेमणुकीत एकदाच. दुरुस्ती केली की सावली नव्याने उभी राहते, आणि ती लहान निघाली तर नव्वद दिवसांची अपेक्षाही लहान होते. नोकरी टिकते.

"येते की करता," रेणुकाबाई म्हणाल्या. "रक्तपेढीची ओळ खरी करा. ती प्रणाली ज्या बाईने लिहिली तिचं नाव घाला."

खासनीस नाव आठवू लागले.

"चार हातांवर बसायची ती," रेणुकाबाई म्हणाल्या. "खिडकीकडे पाठ करून. रेणुका वाघुलदे. लग्नाआधीचं नाव."

त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटायला किती वेळ लागतो, हे रेणुकाबाईंनी मोजलं. पाच-सहा सेकंद. आधी भीती आली, मग हिशेब आला, आणि मग एकदम मोकळं हसू आलं.

"अगं रेणुका! अगं, मग तर सोपंच झालं. ते तू केलंस हे मला ठाऊक होतंच की." ते खुर्ची पुढे ओढून घेत म्हणाले. "तुझं नाव घालतो. आज, आत्ता. अनुभवपत्रही नवं देतो, सहीचा अधिकार अजून माझ्याकडे आहे. तुझी सावली काय उभी राहील, विचार कर. पंचेचाळिशीत नवी सुरुवात. दोघांचंही भलं होईल."

खरं होतं ते. ज्याचं नाव बायोडेटात येतं त्याची संमती लागते. त्यांनी इथे अंगठा टेकवला असता, तर ते अकरा महिने त्यांचे झाले असते. मान डोलावणारी ती बरी बाई पुसली गेली असती आणि तिच्या जागी कुणीतरी कानावर पेन्सिल खोचून कामाला बसलं असतं. अठरा वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता की रेणुकाबाईंनी हे मागितलं नाही.

फक्त खासनीसांची खुर्चीही टिकली असती.

"मी संमती देत नाही," त्या म्हणाल्या.

खासनीसांना वाटलं त्यांना नीट समजलेलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं, लहान मुलाला सांगतात तसं.

"समजलं मला, सर. मला ते नाव नको. तुमच्याकडे अजून वीस दिवस आहेत आणि एक दुरुस्ती आहे. आता दोनच वाटा. विसाव्या दिवशी शिक्का बसेल, तो पाच वर्षं पुसला जाणार नाही. नाहीतर आत्ता लिहा की निवडीच्या वेळची योजना तुमच्या सावलीची नव्हती, चार नंबरच्या सावलीची होती, आणि म्हणून तुम्ही जागा सोडताय. स्वतः होऊन सोडणाऱ्याला शिक्का बसत नाही. माझी तेवढी दया समजा."

"चार नंबर कोण?"

"तुम्हांला कुणाचं नाव कधी लागलंय?"

 शेवटी खासनीस घसा खाकरून म्हणाले की तू लिही, मी सांगतो. मला ही कळफलकाची सवय राहिली नाही. पूर्वीही ते असंच म्हणत. त्यांचे सगळे अहवाल रेणुका टाइप करायची. रेणुकाबाईंनी कळफलक सरकवून त्यांच्यापुढे ठेवला आणि हात मागे घेतले. उपेंद्र खासनीसांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, दोन ओळी लिहिल्या. त्यांना चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत रेणुकाबाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पहिल्या ओळीत त्यांनी 'आमच्या गटाची योजना' असं लिहिलं, तेव्हा मात्र त्या वाकून म्हणाल्या, "सातवी चूक. पुन्हा लिहा."

चार नंबर कोण हे यंत्राला ठाऊक होतं; संमतीचा निरोप तहसीनला गेला. तिने अंगठा टेकवला. पंधरा दिवसांनी त्या मोकळ्या झालेल्या जागेवर ती पुण्याला रुजू झाली, हे रेणुकाबाईंना सिन्नरच्या मुलाकडून कळलं.

तिचा फोन आला नाही. आला तो नोकरदारांच्या सार्वजनिक नोंदवहीचा एक निरोप, एका सकाळी, वर्ग भरायच्या आधी. नव्याने रुजू झालेल्या माणसाने 'मार्गदर्शन' या सदरात लिहायचं असतं की आपण कुणाकडून काय शिकलो. तहसीनने लिहिलं होतं, आणि त्यात रेणुकाबाईंचं नाव होतं, म्हणून त्यांची संमती हवी होती. दिली, तर ते कायम राहणार होतं. त्यांचं नाव शोधणाऱ्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक आईबापाला ते सगळ्यांत आधी दिसणार होतं. नाही दिली, तर कुणाला कधीच कळणार नव्हतं.

त्यांनी वाचलं.

'रेणुका बेलसरे, नाशिक. चौदा महिन्यांत माझ्या बायोडेटातल्या नऊ चुका दाखवल्या, नऊही माझ्याकडून दुरुस्त करून घेतल्या. त्यामुळे मला काम करता येतं तसं लिहिता येऊ लागलं. याच काळात त्यांनी दुसऱ्या एका उमेदवाराच्या बायोडेटातली एक चूक ओळखली आणि जुन्या रागापोटी जाणूनबुजून ठेवली. तिच्यामुळे माझी निवड सत्त्याऐंशी दिवस लांबली. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.'

रेणुकाबाईंनी चष्मा खाली घेतला आणि पुन्हा, सवयीने, पेन्सिल हातात घेऊन वाचलं. कुणी केलं ते होतं. काय केलं, किती, कधी, कशामुळे, आणि त्याने काय झालं, तेही होतं. चांगलं वाढवलेलं नव्हतं, वाईट लपवलेलं नव्हतं. एक शब्द जास्त नव्हता. त्या दोन-तीन ठिकाणी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. चूक शोधायची त्यांनी शर्थ केली.

चूक नव्हती. पोरीने त्यांच्याकडून सगळं शिकून घेतलं होतं.

जिन्यावर मुलांची पावलं वाजू लागली. त्यांनी पेन्सिल कानावर खोचली आणि अंगठा टेकवला.